मांतिका: फिलिपिनो स्वयंपाकघरातली डुकराची चरबी – कढवणं, वापरणं, टिकवणं

खापरतवा

फिलिपिनो पाकृंवर इथे अधूनमधून सुटे प्रश्न येतात. आदोबो (व्हिनेगरात शिजवलेलं मांस) तेलकट का झाला, लेचोन कावालीची (शिजवून तळलेल्या डुकराच्या पोटाच्या मांसाची) कातडी चिवट का राहिली, होपियाला (सारण भरलेल्या पदरी बिस्किटाला) पदर का सुटले नाहीत. तिन्हींचं उत्तर चरबीपाशीच येतं. म्हणून सगळं एका जागी असावं यासाठी हा धागा. माहितगारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे थेट सांगावं.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. मांतिका हा शब्द स्पॅनिश मान्तेकावरून आला आणि मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. पण आजच्या तागालोगमध्ये मांतिका म्हणजे स्वयंपाकाचं कुठलंही तेल, मग ते नारळाचं असो की पामचं. चरबीच हवी असेल तर 'मांतिका नांग बाबॉय' असं म्हणावं लागतं. बाबॉय म्हणजे डुक्कर. मांतिकिल्या म्हणजे लोणी, त्याचा इथे संबंध नाही. त्यामुळे पाकृत नुसतं 'मांतिका' लिहिलं असेल तर तेल समजा. जुन्या पद्धतीचा पदार्थ असेल तर मात्र चरबीने चव बदलते, हे लक्षात ठेवा.

फिलिपिनो घरातल्या चरबीच्या बहुतेक पदार्थांत एकच क्रम दिसतो: आधी पाणी, मग चरबी. मांस किंवा चरबी पाण्यात शिजवायची, पाणी उडू द्यायचं, आणि सुटलेल्या चरबीत त्याच भांड्यात तोच जिन्नस तळायचा. आदोबो, लोंगानिसा (तिथलं सॉसेज), दोन्हीकडे हेच. चरबी कढवतानाही हेच.

कढवण्याची रीत:

१ किलो पाठीची चरबी घ्या. कातडी सोलून बाजूला ठेवा, ती चिचारोनला, म्हणजे तळून फुलवलेल्या कुरकुरीत कातडीला, लागते. चरबी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवली की सुरीखाली सरकत नाही. मग २ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. लहान-मोठे झाले तर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात, म्हणून आकाराकडे लक्ष द्या. जाड बुडाच्या कढईत तुकडे आणि पाऊण कप पाणी घालून मध्यम आचेवर ठेवा.

पाणी कशासाठी? सुरुवातीला तुकड्यांतून चरबी सुटलेली नसते. कोरडे तुकडे बुडाला चिकटतात, करपतात, आणि तो करपट वास सगळ्या चरबीत उतरतो. पाणी आहे तोवर तपमान १०० अंशांच्या आसपासच राहतं. तेवढ्या वेळात खाली चरबीचा थर जमतो. पाणी उडालं की तुकडे आपल्याच चरबीत पोहू लागतात, मग आच अगदी मंद करायची.

पुढचं सगळं कानावर. पहिला अर्धा तास रटरट आवाज येतो. मग तुकड्यांतलं पाणी सुटू लागतं तशी तडतड. दीडेक तासाने आवाज हळूहळू बसतो, बुडबुडे बारीक आणि विरळ होतात. लोणी कढवताना तूप झाल्याची खूण हीच असते. दर १० मिनिटांनी बुडापासून ढवळत राहा.

गोड पदार्थांसाठी पांढरी, बिनवासाची चरबी हवी असेल तर तुकडे फिकट असतानाच निम्मीअधिक चरबी उपसून गाळून घ्या. उरलेल्या चरबीत तुकडे सोनेरी होईपर्यंत चालू ठेवा. ही दुसरी उपसणी पिवळसर आणि खमंग असते, ती भात आणि फोडणीसाठी. दोन्ही मिळून १ किलोतून ७०० ते ७५० ग्रॅम निघते. तुपाची बेरी उरते तसे इथे कुरकुरीत गोळे उरतात. ते गरम असतानाच मीठ भुरभुरून ठेवा, मोंगोवर (मुगाच्या कालवणावर) घालायला उत्तम.

गाळताना मलमलचं दुहेरी कापड वापरा. बरणी पूर्ण कोरडी हवी. झाकण चरबी गार झाल्यावरच लावा. गरम असताना लावलं तर वाफेचं पाणी थेंबाथेंबाने आत पडतं, आणि चरबी बिघडायला तेवढं पुरतं.

मिरेकूट

छान सुरुवात. चरबी कुठली घ्यायची यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

मूत्रपिंडांभोवती जी चरबी असते तिला तागालोगमध्ये उन्तो म्हणतात. ती ठिसूळ असते, पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली. तो पापुद्रा ओढून काढायचा, त्यात रक्ताचा अंश असतो आणि त्यानेच वास येतो. उन्तोची चरबी ४३ ते ४८ अंशांना वितळते, पाठीची ३० ते ४० अंशांना. या फरकामुळे होपिया, एन्सायमाडा (गोड, वळलेला पाव) वगैरेंना उन्तो आणि रोजच्या गिसाला, म्हणजे फोडणीला, पाठीची. पोटाच्या, म्हणजे लिएंपोच्या, कडा कापून आलेली चरबीही चालते. पण तिच्यात मांसाचे धागे असतात, ते आधी करपतात. अशी चरबी कढवायची तर पाणी १ कप घ्या आणि आच आणखी मंद ठेवा.

मनिलात घरातलं तपमान बहुतेक वेळा २८ ते ३२ अंश असतं. त्यामुळे पाठीची चरबी बरणीत घट्ट होत नाही. वर पातळ, खाली रवाळ अशी दिसते. ती बिघडलेली नाही. मुंबई-कोकणातही उन्हाळ्यात असंच होईल. रवा नको असेल तर गाळलेली चरबी थंड पाण्याच्या परातीत भांडं ठेवून सतत ढवळत पटकन गार करा. सावकाश गार झाली तर मोठे कण धरतात, तुपासारखंच.

डुकराच्या खाण्यानेही फरक पडतो. तांदळाच्या कोंड्यावर वाढलेल्या डुकराची चरबी मऊ, खोबऱ्याच्या पेंडीवर वाढलेल्याची कडक. एकाच बाजारातून एकाच पद्धतीने कढवलेली चरबी एकदा घट्ट आणि एकदा पातळ झाली, तर हातात दोष शोधू नका.

लवंगी

दोन शंका. कुकरमध्ये केलं तर वेळ वाचेल का? आणि चरबी गार झाल्यावर तपकिरी दिसली तर फेकायची का?

खापरतवा

लवंगी, कुकर नको. कुकरमध्ये पाणी उडत नाही, आणि इथे पाणी उडणं हेच काम आहे. झाकण काढून पुन्हा तेवढाच वेळ आटवत बसावं लागेल. कढईजवळ उभं राहायचं नसेल तर ओव्हन बरा: १२० अंश, उघडं जाड भांडं, पाव कप पाणी, अडीच ते तीन तास, अर्ध्या तासाने एकदा ढवळणं. रंग पांढरा येतो, करपायची धास्ती नाही.

तपकिरी चरबी फेकू नका. वास भाजल्यासारखा असेल तर सिनांगाग (लसणाचा परतलेला भात) आणि आदोबोला वापरा. करपट, कडवट असेल तर मात्र उपयोग नाही. पाणी घालून पुन्हा कढवल्यानेही तो वास जात नाही.

रानजिरे

आदोबोवर लिहितो. वर जो क्रम सांगितला तो सगळ्यात स्पष्ट इथे दिसतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक पाकृ तो शेवटचा टप्पाच गाळतात.

नाव स्पॅनिश, रीत तिथलीच. १६१३ साली छापलेल्या तागालोग-स्पॅनिश शब्दकोशात या पदार्थाची नोंद 'इथल्या लोकांचा आदोबो' अशा अर्थाने आहे. मांस व्हिनेगर आणि मिठात शिजवून टिकवण्याची पद्धत आधीपासूनची, स्पॅनिशांनी तिला आपल्या ओळखीचं नाव दिलं. सोया सॉस चिनी व्यापारातून आला. सोया नसलेल्या आदोबोला आदोबोंग पुती म्हणतात, पांढरा आदोबो. आपल्याच चरबीत तळायला आणि टिकवायला तोच योग्य.

१ किलो मांस: निम्मं लिएंपो, निम्मा खांदा. खांद्याला तिथे कासिम म्हणतात. नुसता खांदा घेतला तर चरबी पुरत नाही, नुसतं लिएंपो घेतलं तर खाववत नाही. तुकडे ४ सेंटिमीटरचे. व्हिनेगर अर्धा कप, ऊस किंवा नारळाचं. पाणी १ कप. लसणाचा १ अख्खा गड्डा ठेचून. अख्खी मिरी १ छोटा चमचा, तमालपत्रासारखी लॉरेलची पानं ३, मीठ २ छोटे चमचे. (तागालोगमध्ये व्हिनेगरला सुका म्हणतात. पाकृ शोधताना 'सुका' दिसलं की आपल्या सुक्या मटणाशी गल्लत करू नका.)

सगळं एकत्र करून उघड्या भांड्यात उकळी आणा. ५ ते ७ मिनिटांत व्हिनेगरचा नाकात जाणारा वास कमी होतो. मग झाकण ठेवून मंद आचेवर ४५ मिनिटं ते तासभर. सुरी सहज आत जायला हवी, पण तुकडा मोडता कामा नये. आता झाकण काढा आणि आच मध्यम करा. पाणी आटू लागतं, रस दाट होतो, कडेने चरबीचे थेंब चमकू लागतात. रटरट जाऊन चरचर आवाज आला की पाणी संपलं. या अवस्थेला तिथे 'नाग्मामांतिका' म्हणतात, म्हणजे चरबी सुटू लागली. इथून तुकडे उलटेपालटे करत ६ ते ८ मिनिटं परता. कडा तांबूस होतात, लसूण चरबीत खमंग होतो.

इथे तीन चुका होतात. एक, मांस शिजण्याआधीच पाणी आटतं आणि तुकडे बाहेरून तळले जाऊन आत चिवट राहतात. तसं होऊ लागलं तर अर्धा कप गरम पाणी घालून पुन्हा झाकण ठेवा. दोन, सोया घातलेला असतो आणि तो चरबी सुटण्याआधीच बुडाला लागतो. पाव कपापेक्षा जास्त सोया असेल तर पूर्ण आटवू नका. तुकडे बाहेर काढून वेगळ्या तव्यावर १ मोठा चमचा चरबीत परता आणि रस वरून ओता. तीन, 'तेलकट झाला' म्हणून चरबी ओतून टाकतात. ती गाळून ठेवा. तिच्यात लसूण, मिरी, आंबटपणा सगळं उतरलेलं असतं. पुढच्या दिवशीच्या भाताला त्यासारखं दुसरं काही नाही.

समुद्रफेणी

रानजिरे, व्हिनेगर उकळेपर्यंत ढवळू नये, नाहीतर कच्चा आंबट वास राहतो, हा नियम फिलिपिनो घरांत कटाक्षाने पाळतात. तो तुम्ही सोडून दिलात.

रानजिरे

मुद्दाम सोडला. कच्चा वास जातो तो वाफेबरोबर. म्हणजे झाकण उघडं असणं महत्त्वाचं, चमचा फिरवला की नाही हे नाही. थंड व्हिनेगर मागाहून ओतलं आणि लगेच झाकण लावलं तर वास राहतो, ढवळलं नाही तरी राहतो. पण न ढवळण्याने नुकसान काही नाही, नियम पाळायचा तर पाळा. ५ मिनिटं उघडं ठेवायला मात्र विसरू नका.

समुद्रफेणी

मान्य. झाकणाचं पटलं.

आता टिकवण्याबद्दल, कारण यात चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. फ्रिज नसताना आदोबो मातीच्या भांड्यात भरून वरून वितळलेली चरबी ओतत. चरबीचा थर घट्ट झाला की हवा आत जात नाही. हे वाचून कुणी कुठलंही मांस चरबीखाली बुडवून ओट्यावर ठेवू नका. आदोबो टिकतो तो व्हिनेगर, मीठ आणि आटवलेल्या पाण्यामुळे. चरबीचं काम फक्त हवा अडवण्याचं. आंबटपणा नसलेलं मांस किंवा कच्चा लसूण चरबीखाली बाहेरच्या तपमानाला ठेवला तर बॉट्युलिझमचे जंतू वाढायला नेमकी हवी ती जागा मिळते: हवा नाही, आम्ल नाही, ओलावा आहे. त्याला वास येत नाही, रंग बदलत नाही. आज फ्रिज आहे, तर आदोबोही फ्रिजमध्येच ठेवा आणि खाताना वाफाळेपर्यंत गरम करा.

लसणाची चरबी करून ठेवायची असेल तर लसूण पूर्ण कुरकुरीत तळून, काढून, चरबी गाळून ठेवा. तीही फ्रिजमध्ये, आठवड्याभरात संपवायची.

नुसती गाळलेली, पाण्याचा अंश नसलेली चरबी फ्रिजमध्ये ६ महिने, फ्रीझरमध्ये वर्षभर राहते. बाहेर ठेवायची तर छोट्या बरणीत, अंधारात, काही आठवड्यांपुरती. खवट झालेल्या चरबीला जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास येतो. बोटभर चरबी तळहातावर चोळून हुंगा, लगेच कळतं.

मिरेकूट

तळणाकडे वळू. लेचोन कावाली आणि उत्तरेकडच्या इलोकोस भागातला बाग्नेत, दोन्ही लिएंपोचेच. फरक तळण्यात आहे.

लेचोन कावाली: कातडीसकट लिएंपोचा १ किलोचा अखंड तुकडा. बुडेल इतक्या पाण्यात २ मोठे चमचे मीठ, मिरी, लॉरेल घालून ५० ते ६० मिनिटं शिजवा. कातडीत काटा सहज रुतायला हवा, पण ती फाटता कामा नये. कमी शिजली तर फुगत नाही, जास्त शिजली तर तळताना सुटून येते. बाहेर काढून जाळीवर निथळा, कातडी पुसा, जाड सुईने दाट टोचा (खालच्या चरबीपर्यंतच, मांसापर्यंत नाही), मीठ चोळा आणि फ्रिजमध्ये रात्रभर न झाकता ठेवा. सकाळी कातडी बोटाला कोरडी आणि थोडी कडक लागली पाहिजे. हा टप्पा गाळला तर तळताना स्फोटासारखे शिंतोडे उडतात, कारण कातडीखालचं पाणी एकदम वाफ होतं.

तळताना चरबी १६० अंशांवर, तुकडा निम्मा बुडेल इतकी. कातडीची बाजू खाली. वर शिंतोडे अडवणारी जाळी ठेवा. घट्ट झाकण ठेवलं तर वाफेचं पाणी परत कढईत पडतं. १५ मिनिटांनी उलटा, मग शेवटची ५ मिनिटं १८० अंशांवर. त्यापुढे नेऊ नका, डुकराची चरबी १९० अंशांच्या सुमाराला धुरावते.

बाग्नेत दोनदा तळतात. शिजवून वाळवलेला तुकडा आधी १३० ते १४० अंशांच्या चरबीत ४५ मिनिटं. या तळणात तुकड्यातली चरबी सुटते आणि कढईतली चरबी वाढते. म्हणजे बाग्नेत करताना चरबी खर्च होत नाही, मिळते. बाहेर काढून पूर्ण गार करा, काही तास किंवा रात्रभर. मग १८० अंशांवर ६ ते ८ मिनिटं, कातडीवर फोड येईपर्यंत. विक्रेते या वेळी गार पाण्याचा शिपका मारतात, त्याने फोड चांगले उठतात. घरच्या गॅसवर हे अजिबात करू नका.

खाताना के-बी-एल: कामातिस, बागूंग, लासोना. म्हणजे टोमॅटो, आंबवलेल्या माशांचं खारट कालवण आणि छोटे कांदे. एवढ्या चरबीला तेवढा आंबट-खारटपणा लागतोच.

लवंगी

थर्मामीटर नसेल तर?

मिरेकूट

भाताचं एक शीत टाका. तळाशी बसून सावकाश बुडबुडे आले तर १३०-१४०. तळाला जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आलं तर १६०. टाकताक्षणी वर येऊन तांबूस होऊ लागलं तर १८०. हा अंदाज आहे. पण चरबी गढूळ नसेल आणि शीत कोरडं असेल तर भरवशाचा आहे.

खापरतवा

रोजच्या वापराचं राहिलं.

गिसा, म्हणजे तिथली फोडणी. क्रम ठरलेला: लसूण, कांदा, टोमॅटो. चौघांच्या भाजीला दीड मोठा चमचा चरबी पुरते. चरबी तेलापेक्षा लवकर तापल्यासारखी वाटते, कारण वितळताच ती पातळ असते आणि लसूण लगेच रंग धरतो. म्हणून लसूण चरबी वितळताक्षणी घाला, तापवून नाही. कांदा पारदर्शक झाल्यावर टोमॅटो. टोमॅटो चेचून गेला आणि चरबी पुन्हा कडेला दिसली की गिसा झाला. मोंगोला, म्हणजे मुगाच्या कालवणाला, १ कप अख्खे मूग वेगळे शिजवून या गिसात घालतात आणि वाढताना वर चिचारोन चुरतात. चिचारोन कालवणात आधीच घातला तर दोन मिनिटांत रबर होतो.

सिनांगाग: ३ कप बाहाव, म्हणजे कालचा शिळा भात. ओल्या हाताने गुठळ्या मोडून घ्या. २ मोठे चमचे चरबी आणि ८ पाकळ्या लसूण, बारीक चिरून, थंड कढईतच एकत्र सुरू करा. मंद आचेवर ४-५ मिनिटांत लसूण फिकट सोनेरी होतो. त्या क्षणी निम्मा काढून ठेवा, बाहेर काढल्यावरही तो आणखी रंग धरतो. आच वाढवून भात घाला, पसरा, मिनिटभर हलवू नका, मग परता. पाऊण चमचा मीठ २ चमचे पाण्यात विरघळवून शिंपडा, ते भातात सारखं लागतं. वरून काढलेला लसूण. ताज्या भाताचा सिनांगाग लगद्यासारखा होतो, त्यावर इलाज नाही.

लोंगानिसा: तव्यात ६ नग आणि अर्धा कप पाणी, झाकून ८ मिनिटं. मग झाकण काढून पाणी आटू द्या, सुटलेल्या चरबीत फिरवत तांबूस करा. वरून चरबी घालायची नाही. गोड, हामोनादो प्रकारच्या लोंगानिसात साखर असते, ती चरचर सुरू होताच करपू लागते. तिथे आच मंद आणि लक्ष सगळं तव्यावर. विगान शहरातली लसणाची लोंगानिसा आच थोडी जास्त सोसते.

साटोरी

होपियाचे पदर का सुटत नाहीत याचं उत्तर चिरोटे करणाऱ्यांना पटकन कळेल, म्हणून त्याच भाषेत लिहिते.

होपिया मनिलाच्या बिनोंदोतली, १५९४ साली वसलेल्या चिनी वस्तीतली. तिला दोन कणकी लागतात. पहिली मोहन घालून भिजवलेली: २०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम चरबी, २५ ग्रॅम साखर, चिमूट मीठ, ९० मिली पाणी. दुसरी म्हणजे आपला साटा: १५० ग्रॅम मैदा आणि ७५ ग्रॅम चरबी, पाणी अजिबात नाही. मोहनाच्या कणकेत साट्याचा गोळा गुंडाळायचा, लांबट लाटायचा, गुंडाळी करायची, पुन्हा आडवं लाटून पुन्हा गुंडाळी, मग काप करून पुरी लाटून सारण भरायचं.

पदर न सुटण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: साटा मऊ पडून मोहनाच्या कणकेत जिरतो. ३० अंशांच्या घरात पाठीची चरबी टिकत नाही, म्हणून उन्तोची घ्या. दोन्ही कणकींचा मऊपणा सारखा हवा. बोट दाबलं तर दोन्हींत सारखा खड्डा पडला पाहिजे. साटा जास्त मऊ असेल तर कडेने बाहेर येतो, जास्त कडक असेल तर आतल्या आत तुटतो. प्रत्येक लाटणीनंतर १५ मिनिटं झाकून फ्रिजमध्ये. १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं, मधे एकदा उलटून.

सारणात मुगाच्या डाळीचं गोड पुरण सगळ्यांना माहीत असतं. पण होपियांग बाबॉय करून पाहा: साखरेत पाकवलेला कोहळा बारीक चिरून, पातीचा कांदा, भाजलेलं पीठ, साखर आणि चरबी. नाव डुकराचं असलं तरी त्यात मांस जवळजवळ नसतं, चरबी असते. कोहळ्याचा पेठा आपल्याकडे मिळतोच, तो धुऊन, पुसून, चिरून चालतो. पातीच्या कांद्याला पाणी सुटतं, म्हणून तो चरबीत आधी परतून पूर्ण गार करून घ्या.

पान दे सालला (तिथल्या रोजच्या छोट्या पावाला) ५०० ग्रॅम मैद्याला ४० ग्रॅम चरबी पुरते. एन्सायमाडाचं मूळ मायोर्का बेटावरचं, आणि नावातच तिथल्या भाषेतला चरबीचा शब्द आहे. फिलिपाइन्समध्ये आता लोणी आणि चीज आलं. जुन्या पद्धतीत लाटलेल्या पातळ कणकेवर चरबीचा हात फिरवून मग वळतात, आणि पदर त्यानेच सुटतात.

रानजिरे

साटोरीताई, साट्याची तुलना नेमकी बसली.

गोव्याच्या मंडळींसाठी एक. चोरीस (गोव्याचं सॉसेज) कढईत टाकला की वरून तेल घालत नाहीत, त्याचीच चरबी सुटून कांदा-बटाटा त्यात परतला जातो. लोंगानिसाचं तत्त्व तेच. अशी सॉसेजेस तिकडे स्पॅनिशांकडून आणि गोव्यात पोर्तुगीजांकडून पोचली; आदोबोची रीत मात्र वर म्हटलं तशी तिथलीच, पण व्हिनेगर-लसणाची चव दोन्हीकडे ओळखीची. त्यामुळे गोव्याच्या माडाच्या व्हिनेगरने आदोबोंग पुती अगदी योग्य होतो. फक्त आपलं व्हिनेगर जरा सौम्य लागलं तर पाणी पाऊण कपच घाला.

खरेदीबद्दल: पोर्कच्या दुकानात पाठीची चरबी बहुतेकदा मागितल्याशिवाय मिळत नाही, आदल्या दिवशी सांगून ठेवा. उन्तोसाठी 'आतली, मूत्रपिंडाभोवतीची' असं स्पष्ट सांगा. रंग पांढरा ते फिकट गुलाबी हवा. पिवळी किंवा आंबूस वासाची घेऊ नका.

पाहुणे बोलावताना हेही लक्षात असू द्या: दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरच्या मुस्लिम फिलिपिनो घरांत डुक्कर चालत नाही. फिलिपिनो म्हणजे चरबी चालणारच असं धरू नका, विचारून घ्या.

समुद्रफेणी

तब्येतीच्या अंगाने कुणी विचारेल म्हणून आकडे: १ मोठा चमचा चरबी म्हणजे सुमारे ११५ कॅलरी, संपृक्त मेद ५ ग्रॅम, कोलेस्टेरॉल १२ मिलिग्रॅम. तेवढ्याच खोबरेल तेलात संपृक्त मेद सुमारे ११ ग्रॅम असतो. म्हणजे फिलिपाइन्समध्ये चरबी सोडून नारळाच्या तेलाकडे गेलेल्या घरात संपृक्त मेद कमी झाला असं नाही. पण म्हणून चरबी हलकी आहे असंही नाही. चमचे मोजूनच घाला.

आणि तळण परत वापरण्याचे नियम. तळल्यावर चरबी कोमट असतानाच गाळा, खालचा गाळ कढईतच सोडा. तो गाळ पुढच्या वेळी आधी जळतो आणि धूर लवकर सुरू होतो. ३ ते ४ वेळा वापरता येते. रंग गडद झाला, फेस बसेना किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर आला की टाकून द्या. मासे तळलेली चरबी वेगळ्या बरणीत, तिचा भात करू नका. टाकताना मोरीत ओतू नका, नळीत घट्ट होऊन बसते. डब्यात गोठवून कचऱ्यात टाका.

चरबीने पेट घेतला तर गॅस बंद, वर घट्ट झाकण, कढई हलवायची नाही. पाणी कधीच नाही.

लवंगी

बाजूला ठेवलेल्या कातडीचं राहिलं, खापरतवा. चिचारोन घरी फुगत नाही.

खापरतवा

कातडी मिठाच्या पाण्यात ४५ मिनिटं शिजवा. गरम असतानाच आतल्या बाजूची सगळी चरबी चमच्याने खरवडून काढा. हेच काम लोक अर्धवट सोडतात. चरबीचा पापुद्रा राहिला तिथे कातडी फुगत नाही, दगडासारखी राहते. ३ सेंटिमीटरचे तुकडे करून कडक उन्हात दोन दिवस (रात्री आत घ्या), किंवा ओव्हनमध्ये ८० अंशांवर ६ ते ८ तास, मोडल्यावर कट् आवाज येईपर्यंत. मग ११० अंशांच्या चरबीत १५-२० मिनिटं. तुकडे मऊ होऊन वाकतात, बारीक ठिपके दिसतात. निथळून घ्या आणि थोडे थोडे १९० अंशांच्या जवळ नेलेल्या चरबीत सोडा. पाच-दहा सेकंदांत फुलतात. एकदम मूठभर टाकले तर तपमान पडतं आणि मधले कच्चे राहतात. धूर दिसला तर क्षणभर आच बंद करा.

फुगले नाहीत तर एक तुकडा मोडून बघा. आत काचेसारखा पारदर्शक भाग असेल तर वाळवण कमी पडलं, उरलेले परत उन्हात घाला. पांढरा थर दिसला तर खरवडणं कमी पडलं, ते मोंगोत शिजवून संपवा.

कारकार, सेबूचा चिचारोन मांसासकट असतो. त्याची रीत वेगळी, ती या कातडीला लावू नका.